टाकीवाल्यांनी दुरुस्त केलेली बोट

आमच्या कारखान्यात प्रत्येक कामाचं एक छापील कार्ड असे. त्यावर वस्तूच्या प्रकारासाठी रकाना होता आणि त्यात चार शब्द आधीच छापलेले होते: टाकी, कूलर, छत, इतर. जो लागू असेल त्याभोवती गोल करायचा. 'इतर'वर गोल केला तर शेजारी तपशील लिहावा लागे, म्हणून ते शक्यतो सगळेच टाळत. पुढे जे झालं त्याची सुरुवात या रकान्यातून झाली. गोल करणारा मी होतो.

जळगावच्या औद्योगिक वसाहतीत मी एकतीस वर्षं फायबरचं काम केलं. त्याआधी पाच वर्षं शहरातल्या एका दैनिकात उपसंपादक होतो. दैनिक बंद पडलं, मेहुण्याचा कारखाना चालू होता, म्हणून इकडे आलो. यापलीकडे त्या बदलाला काही कारण नाही.

फायबरचं काम बाहेरच्या माणसाला दोन मिनिटांत समजतं. काचेच्या धाग्यांची पांढरी चटई येते, तिला मॅट म्हणतात. ती साच्यावर अंथरायची आणि रोलर फिरवून तिच्यात रेझिन जिरवायचं. रेझिन मधासारखं असतं. त्यात हार्डनरचे थेंब पडले की ते काही वेळाने दगड होतं. किती वेळाने, हा सगळा धंदा आहे. पुण्याचा कारागीर वीस मिनिटं सांगेल. जळगावात एप्रिलमध्ये भर दुपारी तेच रेझिन मगातच घट्ट होतं, मगही तापतो, त्यातून धूर निघतो आणि तो उचलून बाहेर फेकावा लागतो. त्यामुळे उन्हाळ्यात आमचं रेझिनचं काम पहाटे पाचला सुरू होऊन नऊला संपतं. काचेची कुसं अंगात शिरतात आणि आंघोळीने निघत नाहीत. कामाचे कपडे घरच्या कपड्यांत टाकलेले कोणत्याही घरात चालत नाहीत, माझ्याही चालले नाहीत.

आम्ही मुख्यतः टाक्या करत होतो. पाण्याच्या, ॲसिडच्या, डाळ मिलच्या, शेतावर ठिबकसाठी खत कालवायच्या. बाकी जे येईल ते. वरातीच्या रथाचा घोडा एकदा दोन्ही कान तुटून आला होता. मालकाला तो संध्याकाळी पाचच्या वरातीला हवा होता आणि कान जुन्याच मापाचे हवे होते, पण तुटलेले कान त्याने आणले नव्हते. एका शाळेने पृथ्वीचा गोल आणला. त्यात हिंदी महासागराच्या जागी भोक पडलं होतं. अशी गिऱ्हाइकं त्रास देतात, पण त्रास एका दिवसाचा असतो. कुसुमअक्कांचा दोन महिने चालला.

त्या भुसावळच्या एका शाळेत क्रीडाशिक्षिका होत्या आणि नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. होळीच्या सुमाराला एका पिकअपच्या मागे बांधून त्यांनी चौदा फुटांची शिडाची बोट आणली. बोट उलटी घातलेली होती. गळ्यात शिट्टी अडकवलेली बाई पिकअपमधून उतरली आणि तिने पहिली दहा मिनिटं आमच्या दोन माणसांना बोट कशी धरायची ते शिकवलं.

"वय किती हिचं?" मी विचारलं.

"माझ्या नोकरीएवढं. चौतीस."

बोट कोकणाकडच्या एका मोडीत निघालेल्या क्लबातून त्यांनी घेतली होती. कॉलेजच्या दिवसांत त्या एनसीसीच्या नौदल शाखेत होत्या आणि तिथे शीड चालवायला शिकल्या होत्या. त्यानंतर लग्न, भुसावळ, शाळा. बोट आली तेव्हा ती ठेवली रावेरकडे भावाच्या शेतावर. शेत तापीवरच्या धरणाच्या फुगवट्याला लागून आहे. वडील गेल्यावर बहिणींनी भावाच्या नावे हक्कसोड लिहून द्यायचं ही आमच्याकडची रीत. अक्कांनीही सही केली. सही करताना पाण्याकडचा एक गुंठा बोट लावायला मागितला. भाऊ हो म्हणाला. कागदावर मात्र तो गुंठा आला नाही.

बोट एका कडेला तशीच पडून होती. भावाने, म्हणजे वसंतरावांनी, दोन वर्षं तिच्यात जीवामृत भरून ठेवलं. शेण, गोमूत्र, गूळ, बेसन पाण्यात कालवून आंबवलेलं हे खत केळीला देतात. आता त्यांना त्या गुंठ्यावर पंपाची खोली बांधायची होती. विटा येऊन पडल्या होत्या. अक्कांनी वाद घातला, तेव्हा वसंतरावांनी सगळ्यांसमोर अट घातली: आखाजीला बोट पाण्यावर चालून दाखव. चालली तर बोटही तुझी, जागाही तुझी. नाही चालली तर ती आमची टाकी.

आखाजी म्हणजे अक्षय तृतीया. खानदेशात त्या दिवशी लेकीबाळी माहेरी येतात आणि झाडाला झोके बांधतात. तेव्हा आखाजीला सात आठवडे होते.

मी कार्ड भरलं. बोटीला शब्द नव्हता. कमी लिहावं लागावं म्हणून 'टाकी'वर गोल केला आणि पुढे 'दुरुस्ती' असं लिहिलं.

कारखान्यातला मुख्य कारागीर भिकन. चोपड्याकडचा, बावीस वर्षं आमच्याकडे. हात इतका नेमका की हार्डनरचे थेंब तो मोजत नसे आणि ते चुकत नसत. त्याने बोटीभोवती एक फेरी मारली, आत वास घेतला आणि म्हणाला, "टाकीले पानी मझार ऱ्हास, नावले बाहेर. इतलाच फरक शे, भाऊ."

मला ते वाक्य आवडलं होतं. दोन-तीन जणांना मी ते सांगितलंही.

दुरुस्तीपेक्षा सामानाने जास्त छळलं. जळगावात पाइप मागितला की प्लॅस्टिकचा मिळतो. डोलकाठीसाठी ॲल्युमिनियमचा हवा होता. तीन दुकानदारांनी मला प्लॅस्टिकच का चांगला हे समजावलं. एकाने त्यावर उभं राहून दाखवलं. अक्कांनी तो पाइप दोन टोकांना धरला, गुडघ्यावर वाकवला आणि त्याच्याकडे परत दिला. शेवटी धुळ्यात झेंड्याचे खांब करणाऱ्याकडे हवा तसा मिळाला. सुकाणू टांगायला बिजागऱ्या लागतात. लेथवाल्याने त्या उत्तम केल्या, फक्त दाराच्या हिशोबाने, त्यामुळे सुकाणू एकाच बाजूला उघडत होतं.

शीड शिवायला मंडपाचं कापड शिवणारे रशीदचाचा गाठले. त्यांनी विचारलं, "झालर खालून लावू की तिन्ही बाजूंनी?"

"झालर नाही," अक्का म्हणाल्या. "आणि कापड सपाट शिवायचं नाही. मधे पोट पाहिजे."

चाचांनी चष्मा काढला. "बाई, चाळीस वर्षं मी कापडाला पोट येऊ दिलं नाही. पोट आलं की लोक पैसे कापतात."

"वारा पोटात धरतो तो. सपाट कापडावर धरत नाही."

"मग मंडप उडेल."

"तेच करायचंय."

चाचांनी चार वेळा शिवलं. चौथ्या वेळी पोट आलं, पण त्यांनी ते देताना कुणी शिवलं हे कुणाला सांगू नका असं बजावलं.

अक्का दर बुधवारी भुसावळहून येत. येताना मोबाइलवर दहा-बारा व्हिडिओ घेऊन येत आणि परदेशातला कोणी गोरा माणूस हेच काम कसं करतो ते मला दाखवत. त्या माणसाच्या शेडमध्ये गार हवा होती. मी ते एकदा बोललो. "हवामानाची सबब विद्यार्थीपण सांगतात, संपादकसाहेब," त्या म्हणाल्या. मी वर्तमानपत्रात होतो हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. संपादक मी कधीच नव्हतो, हेही त्यांना माहीत होतं.

बोटीच्या मधोमध एक उभी फट असते. तिच्यातून एक फळी खाली पाण्यात सोडतात, म्हणजे वाऱ्याने बोट आडवी सरकत नाही. या फटीभोवती आतून काठाएवढी उंच, अरुंद पेटी असते आणि पेटीचा तळाशी जो सांधा असतो तो जुन्या बोटीतला सगळ्यात अवघड भाग. अक्कांनी पहिल्याच दिवशी त्यावर बोट ठेवलं होतं. आमच्या धंद्यात असा सांधा नाण्याने तपासतात. नाणं टकटक वाजवायचं. फायबर पक्कं असेल तर खणखणीत वाजतं, आत पोकळ किंवा ओलं असेल तर बद्द आवाज येतो. मी नाणं वाजवलं. मला आवाज बरा वाटला. भिकन म्हणाला, घासून बघू या. घासायला दोन दिवस गेले असते. मी नको म्हणालो, वरून दोन थर मारायला सांगितले आणि शुक्रवारी दुपारी अक्कांना फोन करून बोट तयार झाल्याचं कळवलं. आखाजीला नऊ दिवस होते.

शनिवारी आमची सुट्टी. रविवारी सकाळी मी गेलो तेव्हा शेडच्या दारापर्यंत पाणी आलेलं होतं. बोट दोन लोखंडी घोड्यांवर, म्हणजे उंच स्टँडवर, होती. पुढच्या घोड्यावर तिचं बूड बसलं होतं आणि तिथून एका बाजूला हातभर लांब तडा गेला होता. तडा वरच्या दिशेने किंचित वळलेला होता. बोट हसल्यासारखी दिसत होती. तिच्या आतल्या बाजूला, काठापासून चार बोटं खाली, खडूची एक सरळ रेघ होती.

ही रेघ काय ते मला विचारावं लागलं नाही. आमच्याकडची कोणतीही टाकी पाणी भरून बारा तास ठेवल्याशिवाय बाहेर जात नाही. भरल्यावर पाण्याच्या पातळीला खडूने रेघ मारायची. दुसऱ्या दिवशी पाणी रेघेखाली गेलं असेल तर टाकी गळते. हा नियम मीच घातला होता, पंचवीस वर्षांपूर्वी, आणि भिंतीवर लिहूनही ठेवला होता. भिकनने शुक्रवारी संध्याकाळी जाण्यापूर्वी कार्ड पाहिलं. कार्डावर 'टाकी'भोवती गोल होता. त्याने नळी सोडली.

टाकीचं बूड सपाट असतं आणि ती जमिनीवर बसते. बोट दोन घोड्यांवर होती आणि तिच्यात जवळजवळ दीड टन पाणी होतं. पाण्यावर तरंगताना तिला सगळीकडून आधार असतो. इथे दोनच जागी होता.

भिकन आला, त्याने तडा पाहिला आणि खाली बसला. मी ओरडलो नाही. त्या वेळी ओरडता आलं असतं तर बरं झालं असतं.

"नावेत पाणी भरतात का, भिकन?"

"तपास्याबिगर आपन एक टाकी तरी दिधी का, भाऊ?"

"ही टाकी नाही."

त्याने खिशातून कार्ड काढलं आणि माझ्यासमोर धरलं. गोल माझ्या निळ्या पेनाचा होता.

मग तो उठला, बोटीखाली वाकला आणि मलाही वाकायला लावलं. फळीच्या पेटीखाली, तड्यापासून चांगलं तीन फूट दूर, खडूचं एक छोटं वर्तुळ होतं. त्याच्या खाली गोडेतेलाचा रिकामा डबा ठेवलेला होता. डबा भरून वाहिला होता.

"मी शुक्रवारे तासभर थांबनू. तडा नव्हता. पानी आठेनच ऊनं. निशानी करी ठेवेल शे." त्याने डबा बाजूला सरकवला. "तुम्ही नाणं वाजाडं. मी पानी भरं."

त्याने ग्राइंडर लावून माझे दोन थर काढले. खाली सांध्यात सागाची एक पट्टी होती, चौतीस वर्षांपूर्वी घातलेली. ती हाताने सुटून आली. तिचा झालेला भुसा ओला होता आणि त्याला आंबट गुळाचा, गोठ्याचा वास होता. काही मिनिटांत माश्या आल्या. जीवामृत दोन वर्षं या लाकडात मुरलं होतं. वसंतराव अक्कांना म्हणत, दोन वरीस भरेल होतं, थेंब गळला नाही. ते खरं होतं. शेणाचा गाळ भेगेत बसला होता आणि त्याने सांधा बुजवला होता. आम्ही बोट स्वच्छ धुतली तेव्हा तो गाळ निघून गेला. त्या बोटीत बसून कोणी पाण्यात गेलं असतं तर मध्यावर पोचेपर्यंत पायाशी पाणी आलं असतं. माझ्या नाण्याला त्यातलं काही ऐकू आलं नव्हतं.

वर्तमानपत्रात चूक झाली की दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर, बारीक अक्षरांत, खुलासा छापायची पद्धत होती. मी ते बरेच लिहिले आहेत. त्यात 'अनवधानाने' हा शब्द असतो. अक्कांना फोन केला तेव्हा तो शब्द माझ्या तोंडावर आला होता. मी तो वापरला नाही. सांधा मी न घासता पास केला, कार्ड मी चुकीचं भरलं, आणि बोटीत पाणी भरल्यामुळे तडा गेला, असं क्रमाने सांगितलं.

"भावाने जीवामृत भरलं. तुम्ही पाणी भरलं," अक्का म्हणाल्या. "आता काय भरायचं राहिलंय ते सांगा, म्हणजे मी बरोबर घेऊन येते."

"आठवडाभरात होईल."

"शुक्रवारी 'झालं' म्हणाला होतात."

दुसऱ्या दिवशी बुधवार नसताना त्या आल्या. तडा पाहिला, वर्तुळ पाहिलं. भिकनला म्हणाल्या, "पाणी भरलं नसतंस तर मी आखाजीच्या दिवशी भावासमोर बुडाले असते." मग माझ्याकडे वळल्या. "याचा अर्थ पुन्हा भरा असा नाही."

ओल्या जागेवर रेझिन बसत नाही. एरवी ज्या उन्हाला आम्ही शिव्या देतो त्याच्यापुढे बोट उलटी करून ठेवली आणि दोन दिवसांत ती खडखडीत वाळली. मग रोज पहाटे पाच ते नऊ. सडलेली पट्टी काढून नवी बसवली. तड्याच्या दोन्ही कडा उतरत्या घासल्या आणि आतून-बाहेरून थर दिले, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा रुंद. दुपारी मी नाणं घेऊन बसे आणि भिकन शेजारी उभा राहून ऐके. दोघांचं एकमत झाल्याशिवाय पुढचा थर दिला नाही. पाचव्या दिवशी त्याने सांध्यावर तीनदा नाणं वाजवायला लावलं. मला ते अपमानास्पद वाटलं, पण तो बरोबर होता.

आखाजीच्या सकाळी आम्ही बोट घेऊन शेतावर पोचलो. पाणी बरंच मागे सरकलं होतं, त्यामुळे सत्तर पावलं गाळातून ती ओढत न्यावी लागली. वसंतराव धिप्पाड, शांत गृहस्थ. विटांच्या ढिगावर बसून ते पाहत होते. निंबाला झोका बांधला होता, त्यावर त्यांच्या मुली आणि सुना आळीपाळीने बसत होत्या, आणि झोका थांबला की सगळ्या आमच्याकडे बघत.

"टाकी आणली का?" वसंतरावांनी विचारलं.

"बोट," अक्का म्हणाल्या.

"पाह्यतो ना मंग."

बोट पाण्यात गेली, तरंगली. अक्का आत पाय टाकणार इतक्यात भिकनने खिशातून खडू काढला आणि बोटीच्या बाहेरच्या अंगाला, पाणी जिथे टेकत होतं तिथे, रेघ मारली. "तासभर थांबा, अक्का. रेघ बुडनी तर गळी ऱ्हायनी."

"तासाभरात वारा पडेल."

"वारा पडो. तुम्ही नका पडू."

अक्कांनी शिट्टी तोंडात धरली, वाजवली नाही. चौतीस वर्षं मुलांना रांगेत थांबवणारी बाई भिकनच्या सांगण्यावरून तासभर गुडघाभर पाण्यात उभी राहिली. वसंतराव दोनदा येऊन रेघ पाहून गेले. तिसऱ्यांदा वाकून त्यांनी बोटीत हात घातला, तळावर फिरवला आणि हात उन्हात उलटापालटा करून पाहिला. हात कोरडा होता. रेघही कोरडी होती.

"बसा, संपादकसाहेब," अक्का मला म्हणाल्या आणि जीवरक्षक जाकीट फेकलं. "ज्याने केलं त्याने आधी बसायचं."

मला पोहता येत नाही. हे मी त्यांना दोन महिन्यांत सांगितलं नव्हतं. मी बसलो. रशीदचाचांच्या शिडात वारा भरला आणि त्याला पोट आलं. अक्कांनी सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला, बोट उजवीकडे गेली, आणि काठ इतक्या लवकर दूर झाला की मी मागे पाहणं थांबवलं. पूर्ण वेळ मी एकाच ठिकाणी पाहत होतो, फळीच्या पेटीच्या तळाशी. अक्का म्हणाल्या, "वर बघा, पाणी सुंदर दिसतंय." मी म्हटलं, माझं इथे काम आहे.

परत आलो तेव्हा झोक्यावर कुणी नव्हतं. सगळ्या काठावर उभ्या होत्या आणि पुढची पाळी कुणाची यावरून त्यांचं चाललं होतं. अक्कांनी शिट्टी वाजवून त्यांना रांगेत उभं केलं.

वसंतराव विटांवरून उठले. बहिणीकडे न पाहता त्यांनी गड्याला हाक मारली. "विटा उद्या विहिरीकडे टाक रे." मग माझ्याजवळ आले. "एक सांगू का? जीवामृताला तिच्यासारखं भांडं नाही. बूड गोल हाये, कोपरे नाहीत, काठी फिरवली की सगळं ढवळलं जातं. आता ही तर गेली. अशीच एक करून द्या."

पाठीमागून अक्का म्हणाल्या, "गेली म्हणजे कुठे गेली, वसंता?"

"तुझ्याकडेच गेली, अजून कुठी?"

मी पिशवीतून कार्ड काढलं. गाडीच्या बोनेटवर ठेवून लिहिलं. 'टाकी'भोवती गोल केला, आणि या वेळी पुढे तपशीलही लिहिला: आकार बोटीचा, पाण्यात सोडू नये. भिकनने खांद्यावरून वाचलं आणि माझ्या हातातून पेन घेऊन खाली स्वतःच्या अक्षरात भर घातली: पाणी भरून तपासणे, घोड्यावर नाही, जमिनीवर.